‘एट-ओ-एट्स अँड हार्टब्रेक’ : समीक्षकांनी ऐकले बरोबर, मोल मात्र नंतर ठरले

अमेरिकी रॅपर आणि संगीतनिर्माते कान्ये वेस्ट यांचा ‘एट-ओ-एट्स अँड हार्टब्रेक’ हा चौथा अल्बम २४ नोव्हेंबर २००८ रोजी बाजारात आला. समीक्षकांनी तेव्हा त्याला नाकारले आणि पुढे त्याच समीक्षकांना आपली चूक उमगली, अशी गोष्ट आज नेहमी सांगितली जाते. ही गोष्ट ऐकायला छान असली, तरी ती अर्धीच खरी आहे. त्या वेळची परीक्षणे आज काढून वाचली, तर अल्बममध्ये जे होते ते बहुतेकांनी नेमके टिपले होते असे दिसते. गाणाऱ्याचा आवाज कच्चा आहे, वाद्यमेळ जवळजवळ नाहीच, एकच दुःख पुन्हा पुन्हा उगाळले आहे आणि सगळे काम घाईत उरकल्यासारखे वाटते, असे त्यांनी लिहिले होते, आणि या वर्णनातला एकही भाग नंतर खोटा ठरलेला नाही. बदलले ते त्या वर्णनाला लावलेले मोल. एका दशकात जे दोष म्हणून मोजले गेले तेच पुढच्या दशकात गुण म्हणून का मोजले गेले, हे समजून घेतले की संगीतसमीक्षा नावाचा व्यवहार कसा चालतो हेही बरेचसे कळते. म्हणून हा एकच अल्बम घेऊन ते सविस्तर पाहू.

हा अल्बम कोणाकडून आला हे आधी लक्षात घ्यावे लागेल, कारण परीक्षण लिहिणाऱ्याच्या मनात त्या कलावंताचे आधीचे काम कायम वाजत असते. ‘द कॉलेज ड्रॉपआउट’ (२००४), ‘लेट रजिस्ट्रेशन’ (२००५) आणि ‘ग्रॅज्युएशन’ (२००७) या तीन अल्बमांनी वेस्ट यांची ओळख पक्की केली होती. जुन्या सोल, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी भावपूर्ण गायकीच्या, गाण्यांचे तुकडे घ्यायचे, ते मूळ वेगापेक्षा जलद वाजवून त्यांतला आवाज चिरका करायचा, त्याखाली भरदार ठेका घालायचा आणि वर कधी व्हायोलिनांचा ताफा, कधी समूहगान चढवायचे, ही त्यांची शैली होती. दुसऱ्या अल्बमसाठी तर त्यांनी चित्रपटांना संगीत देणारे जॉन ब्रायन यांना सोबत घेतले होते. ‘ग्रॅज्युएशन’ ११ सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे रॅपर फिफ्टी सेंट यांच्या अल्बमच्या दिवशीच, प्रसिद्ध झाला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे ९ लाख ५७ हजार प्रती खपल्या. थोडक्यात, भव्यता, विनोद, बढाई आणि कारागिरी या चार गोष्टींची खात्री देणारा माणूस म्हणून समीक्षक त्यांच्याकडे पाहत होते.

त्यानंतरच्या वर्षभरात दोन गोष्टी घडल्या. १० नोव्हेंबर २००७ रोजी, सौंदर्यशस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्या आई डोंडा वेस्ट यांचे निधन झाले. डोंडा या शिकागो स्टेट विद्यापीठात इंग्रजी विभागाच्या प्रमुख होत्या आणि मुलाला त्यांनी एकटीने वाढवले होते. २००८ मध्ये वेस्ट यांचा ठरलेला विवाहही मोडला. त्याच वर्षी सप्टेंबर आणि ऑक्टोबर महिन्यांत, होनोलुलू आणि कॅलिफोर्नियातील बरबँक इथल्या स्टुडिओंत, जेमतेम तीन आठवड्यांत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. वेस्ट त्यात जवळपास कुठेही रॅप करत नाहीत, ते गातात. ते मुळात गायक नव्हते, आणि हे कोणाच्याही नजरेतून सुटणारे नव्हते.

अल्बमच्या नावातले ‘एट-ओ-एट’ म्हणजे ‘८०८’, आणि हे एका यंत्राचे नाव आहे. जपानच्या रोलँड कंपनीने, इकुतारो काकेहाशी यांच्या नेतृत्वाखाली, १९८० मध्ये टीआर-८०८ हे ताल वाजवणारे यंत्र बाजारात आणले. त्याच सुमारास अमेरिकेत आलेल्या लिन एलएम-१ या यंत्रात खऱ्या ढोलांचे मुद्रित नमुने होते आणि त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती. रोलँडचे यंत्र १,१९५ डॉलरला मिळत असे, कारण त्यात खऱ्या वाद्याचा एकही नमुना नव्हता. सगळे आवाज विद्युतमंडलातूनच तयार होत. त्यामुळे टाळी टाळीसारखी वाटत नसे, झांज झांजेसारखी वाटत नसे आणि खर्जातला ढोल तर वाजल्यावर थांबण्याऐवजी घुमत राहत असे. एक खुंटी फिरवली की तो घुमारा आणखी लांबत जाई. व्यावसायिक वादकांना हे खोटे वाटले, आणि सुमारे १२ हजार यंत्रे विकून कंपनीने १९८३ मध्ये उत्पादन बंद केले. मग जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले आणि पैसे नसलेल्या तरुण हिप-हॉप व टेक्नो (यंत्रांवरचे नृत्यसंगीत) संगीतकारांनी ते उचलले. मधल्या काळात गायक मार्विन गे यांनी १९८२ च्या ‘सेक्शुअल हीलिंग’ या गाण्यात त्या यंत्राच्या कोरड्या, विरळ ठेक्यावर किती हळवे गाता येते हे दाखवून दिले होते. ज्या यंत्राला पहिल्या ग्राहकांनीच खोटे ठरवले त्याचे नाव वेस्ट यांनी अल्बमच्या शीर्षकात घातले, ही निवड मला फार अर्थपूर्ण वाटते.

दुसरे साधन म्हणजे ऑटो-ट्यून. भूगर्भातील तेलाचा शोध घेण्यासाठी कंपनलहरींचे विश्लेषण करणारे अँडी हिल्डेब्रँड यांनी तेच गणित आवाजाला लावून १९९७ मध्ये ही प्रणाली आणली. ती गायकाचा सूर ओळखते, जवळचा ठरावीक सूर शोधते आणि आवाज तिथे नेऊन बसवते. हे हळूहळू करू दिले तर ऐकणाऱ्याला दुरुस्ती कळत नाही. दुरुस्तीचा वेग कमाल ठेवला तर मात्र आवाज एका सुरावरून दुसऱ्या सुरावर क्षणात उडी मारतो. मराठी वाचकाला हे मींडेच्या उलट म्हणून चटकन समजेल. षड्जावरून गंधारावर जाताना गवई मधल्या सगळ्या जागा स्पर्शत सरकत जातो. ऑटो-ट्यून त्या सगळ्या मधल्या जागा पुसून टाकते आणि एक उंच पायरी तेवढी ठेवते. गायिका शेर यांच्या १९९८ च्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात हा परिणाम पहिल्यांदा जगभर गाजला आणि २००५ नंतर फ्लोरिडातील गायक टी-पेन यांनी त्याला आपली कायमची ओळख बनवले.

या दोन साधनांतून काय तयार झाले हे पाहायला अल्बमचे पहिलेच गाणे, ‘से यू विल’, पुरेसे आहे. ते सहा मिनिटांपेक्षा थोडे मोठे आहे. सुरुवातीला एक बारीक, उंच टिपटिप आणि खाली ८०८ चा जाड ठोका यांची आलटूनपालटून ये-जा सुरू होते. मागे यंत्रातून काढलेले समूहस्वर धुक्यासारखे पसरतात. गिटार नाही, जुन्या गाण्याचा तुकडा नाही, आणि कडव्यामागून कडवे येताना वाद्ये वाढतही नाहीत. वेस्ट एखाद्या स्त्रीला, तू येणार असशील तरच येईन म्हण, अशी विनवणी करत राहतात. गाणे निम्म्यावर येते तेव्हा शब्द संपतात आणि उरलेली जवळजवळ तीन मिनिटे तीच टिपटिप, तोच ठोका आणि तेच समूहस्वर चालू राहतात. आता कुणीतरी येईल, काहीतरी बदलेल, असे ऐकणाऱ्याला वाटत राहते आणि काहीच बदलत नाही. ही तीन मिनिटे संपादनात कापायला हवी होती असे एखादा समीक्षक म्हणेल. वाट पाहणे हाच ज्या गाण्याचा विषय आहे त्याने ऐकणाऱ्यालाही वाट पाहायला लावली, असे दुसरा म्हणेल. दोघे एकच गोष्ट ऐकत असतात.

अकराव्या गाण्यात, ‘कोल्डेस्ट विंटर’मध्ये, या अल्बमचे कूळ उघडपणे दिसते. आईच्या मृत्यूवरचे हे गाणे टिअर्स फॉर फिअर्स या ब्रिटिश जोडीच्या ‘मेमरीज फेड’ या गाण्यावर बांधलेले आहे. ते गाणे त्यांच्या १९८३ च्या ‘द हर्टिंग’ या अल्बममधले आणि तो अल्बम बालपणीच्या वेदनांवरील आर्थर जॅनोव्ह यांच्या मानसोपचारपद्धतीने प्रभावित झालेला. ब्रिटिश सिंथ-पॉपमध्ये, म्हणजे सिंथेसायझरवर उभ्या असलेल्या पॉप संगीतात, थंड यंत्रे आणि दुखावलेला मानवी आवाज यांची जोडी पंचवीस वर्षे जुनी होती. वेस्ट यांनी ती अमेरिकी हिप-हॉपच्या मध्यभागी आणून ठेवली. त्यामुळे सिंथ-पॉप ऐकत आलेल्या समीक्षकाला हा अल्बम ओळखीचा वाटू शकत होता आणि हिप-हॉपचे निकष घेऊन बसलेल्याला परका. २००८ मध्ये वेस्ट यांच्याबद्दल लिहिणारे बरेच जण दुसऱ्या प्रकारचे होते.

आता परीक्षण कसे लिहिले जाते ते पाहू. वृत्तपत्रातील किंवा मासिकातील समीक्षकाला नव्या अल्बमसाठी थोडे दिवस आणि ठरावीक शब्द मिळतात. तेवढ्यात तो अल्बम काही वेळा ऐकतो, कलावंताच्या आधीच्या कामाशी ताडून पाहतो, त्या वर्षीच्या इतर संगीतात त्याची जागा ठरवतो आणि तारे, अक्षर किंवा आकडा देऊन मोकळा होतो. हे करताना तो अपरिहार्यपणे मागे पाहत असतो, कारण तुलनेसाठी त्याच्याजवळ भूतकाळच असतो. या अल्बमनंतर काय येणार आहे, हे त्याला ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातले परीक्षण हे त्या कलाकृतीचे परंपरेतले स्थान चांगले सांगू शकते. तिचे वंशज कोण, हे ते सांगू शकत नाही. ही समीक्षकाची कमजोरी नव्हे, ती त्या कामाची मर्यादा आहे.

त्यानंतर ही सगळी परीक्षणे मेटाक्रिटिकसारख्या संकलकाकडे जातात. तिथे तारे आणि अक्षरे शंभरपैकी गुणांत बदलली जातात, काही प्रकाशनांना जास्त तर काहींना कमी वजन दिले जाते (ते किती, हे जाहीर केले जात नाही) आणि एक सरासरी आकडा निघतो. ‘एट-ओ-एट्स’साठी तो आकडा ७५ आला. महाराष्ट्रात दहावीला ७५ टक्के मिळाले तर विशेष प्रावीण्य म्हणून पेढे वाटले जातात, पण इथे या आकड्याचा अर्थ वेगळा होता, कारण वेस्ट यांच्या आधीच्या तीन अल्बमांना अनुक्रमे ८७, ८५ आणि ७९ मिळाले होते. म्हणजे हा त्यांचा तोवरचा सर्वांत कमी आकडा होता. पण नकार म्हणावा इतका तो खाली नव्हता. शिवाय सरासरीत आणखी एक गोष्ट लपते. दहा जणांनी प्रत्येकी ७५ दिले तरी सरासरी ७५ येते, आणि पाच जणांनी ९० व पाच जणांनी ६० दिले तरीही ७५ येते. पहिल्या बाबतीत सगळ्यांना अल्बम बरा वाटलेला असतो. दुसऱ्या बाबतीत बरा कोणालाच वाटलेला नसतो. काहींना तो मनापासून भावलेला असतो आणि काहींना तो साफ पटलेला नसतो. हा अल्बम दुसऱ्या प्रकाराकडे झुकणारा होता, आणि अशा वेळी सरासरी हा सर्वांत निरुपयोगी आकडा असतो असे माझे स्पष्ट मत आहे.

आक्षेप मुख्यतः आवाजाबद्दल होते आणि त्यांची सुरुवात अल्बम येण्याआधीच झाली होती. ७ सप्टेंबर २००८ रोजी एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात वेस्ट यांनी ‘लव्ह लॉकडाउन’ हे गाणे पहिल्यांदा सादर केले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनीच नाराजी व्यक्त केली. ती इतकी होती की वेस्ट यांनी ते गाणे पुन्हा गाऊन, त्यात जपानी ताइको ढोल घालून, नव्याने तयार केले. डिसेंबरमध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील त्यांच्या गाण्यावरही कडक टीका झाली. यंत्राचा आधार असूनही माणूस सुरात नाही, हा तो आक्षेप होता, आणि तो तंत्रदृष्ट्या चुकीचा नव्हता. ऑटो-ट्यून आवाजाला ठरावीक सुरावर आणते, पण मुळातला आवाज दोन सुरांच्या मध्ये थरथरत असेल तर ती कुठे न्यायचे हे न कळून मागेपुढे उड्या मारत राहते. ‘हार्टलेस’ आणि ‘स्ट्रीट लाइट्स’ ऐकताना हे स्पष्ट जाणवते. गळा दाटून आल्याने जे नैसर्गिक हेलकावे यावेत, त्यांच्या जागी यंत्राचे टोकदार तुकडे ऐकू येतात. रडणे लपवायला घेतलेले यंत्रच रडणे उघडे पाडते. मला हा या अल्बमचा गाभा वाटतो, आणि उत्तम गायकाकडून तो साधलाच नसता, कारण सुरेल गळ्यावर ऑटो-ट्यूनला असे अडखळण्याचे कारणच उरत नाही.

दुसरा आक्षेप रितेपणाचा होता आणि तो सर्वांत चांगला ‘द न्यूयॉर्क टाइम्स’चे जॉन कॅरामानिका यांनी मांडला. चांगल्या बाजूने पाहिले तर हा एका मोठ्या अल्बमचा कच्चा आराखडा आहे आणि वाईट बाजूने पाहिले तर तो अर्धपोटी, ओबडधोबड आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भव्यता काढून घेतली तर वेस्ट यांच्याजवळ उरते काय, असा प्रश्नही त्यांनी विचारला. हे परीक्षण मला आजही प्रामाणिक आणि तीक्ष्ण वाटते, कारण त्या प्रश्नातच अल्बमचा विषय आलेला आहे. सगळे मिळवलेल्या माणसाकडून आई आणि जोडीदार या दोन गोष्टी गेल्यावर त्याच्यापाशी काय उरते, हेच तर ही गाणी विचारत आहेत. प्रश्न अचूक होता. तो समीक्षकाने आक्षेप म्हणून विचारला आणि पुढच्या पिढीने तो अल्बमचा हेतू म्हणून वाचला. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाचे स्कॉट प्लॅगेनहोफ यांनी दिलेला १० पैकी ७.६ हा निकाल त्यापेक्षा उदार होता, तरी तोही जल्लोष म्हणावा असा नव्हता.

भावगीते ऐकत वाढलेल्या मराठी कानाचा अनुभव इथे थोडा निराळा असतो. पेटी, तबला आणि एखादी बासरी एवढ्यावर उभे राहिलेले गाणे आपल्याला कधी अपुरे वाटत नाही, त्यामुळे या अल्बमचा रितेपणा आपल्याला खुपत नाही. आपल्याला खुपतो तो सूर. न्यूयॉर्कच्या समीक्षकाला जे दोन दोष बरोबरीचे वाटले, त्यांतला एक आपल्याकडे दोष ठरतच नाही आणि दुसरा कित्येक पटींनी मोठा होतो. आधीच्या ऐकण्याने समीक्षकाची मोजपट्टी कशी घडते, याचे हे अगदी जवळचे उदाहरण आहे.

श्रोते मात्र समीक्षकांसाठी थांबले नाहीत. पहिल्या आठवड्यात अल्बमच्या सुमारे साडेचार लाख प्रती खपल्या आणि तो बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘हार्टलेस’ एकल गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

मोल बदलण्याची खरी सुरुवात तीनच महिन्यांत झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये टोरांटोच्या ड्रेक यांनी ‘सो फार गॉन’ हा मिक्सटेप (अधिकृत अल्बमबाहेरचा गाण्यांचा संग्रह) विनामूल्य प्रसिद्ध केला. त्यातले एक गाणे त्यांनी थेट ‘से यू विल’च्याच संगीतावर म्हटले होते. समीक्षकांना लांबलेली वाटलेली ती रिकामी टिपटिप एका तरुण गायक-रॅपरला मनातले बोलायला मोकळी जागा म्हणून दिसली होती. ‘एट-ओ-एट्स’च्या लेखनात ज्यांचा मोठा हात होता त्या किड कडी यांचा पहिला अल्बम सप्टेंबर २००९ मध्ये आला, एकटेपणा आणि नैराश्य हाच त्याचा विषय होता. २०११ मध्ये ‘द वीकेंड’ या नावाने गाणारे गायक आणि इंग्लंडमधील जेम्स ब्लेक यांनी रिकाम्या जागा, खर्जातले ठोके आणि यंत्रातून गेलेला दुखरा आवाज यांवर आपापली शैली उभी केली. रॅपर म्हणजे न डगमगणारा पुरुष, ही प्रतिमा पाच-सात वर्षांत बाजूला पडली आणि गाणे व रॅप यांमधली भिंतही.

हा प्रवास सरळ मात्र नव्हता. जून २००९ मध्ये रॅपर जे-झी यांनी ऑटो-ट्यूनचा मृत्यू जाहीर करणारे गाणे काढले, आणि त्याचे संगीत ‘नो आय.डी.’ या नावाच्या निर्मात्याचे होते, जे ‘हार्टलेस’च्या निर्मितीतही होते. २०१० मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ऑटो-ट्यूनला सर्वांत वाईट ५० शोधांच्या यादीत घातले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेस्ट यांनी ‘माय ब्यूटिफुल डार्क ट्विस्टेड फँटसी’ हा अतिभव्य अल्बम आणला; त्याला मेटाक्रिटिकवर ९४ आणि पिचफोर्ककडून १० पैकी १० मिळाले. भव्यता परत येताच गुणही परत आले, यावरून २००८ ची मोजपट्टी कोणती होती हे पुरेसे स्पष्ट होते. मात्र या नव्या अल्बममुळे जुना अल्बमही वेगळा दिसू लागला. माणूस संपलेला नाही, तो मुद्दाम रिता झाला होता, हे आता समजले होते.

२०१४ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने सर्वांत नवी वाट पाडणाऱ्या ४० अल्बमांत ‘एट-ओ-एट्स’ची नोंद केली आणि २०२० मध्ये नव्याने केलेल्या सर्वकालीन ५०० अल्बमांच्या यादीत त्याला २४४ वे स्थान दिले. मध्ये, सप्टेंबर २०१५ मध्ये, वेस्ट यांनी लॉस एंजेलिसच्या हॉलिवुड बोलमध्ये दोन रात्री हा संपूर्ण अल्बम क्रमाने सादर केला. या याद्या करणाऱ्यांत आता असेही लोक होते ज्यांनी हा अल्बम किशोरवयात, स्वतःच्या पहिल्या विरहात ऐकला होता. पुनर्मूल्यांकनाचा हा भाग फारसा बोलला जात नाही. जुन्या समीक्षकांची मते काही अंशी बदलतात, पण बव्हंशी समीक्षकच बदलतात.

याच यंत्राची, उशिरा झालेल्या मोजमापाची आणखी एक गोष्ट मुंबईतली आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक असलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडचेच टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. तिच्याकडे त्या वेळी कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला ती सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि शिकागोच्या अॅसिड हाउस या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताआधीच मुंबईत असे काही वाजले होते हे पाहून जगभरचे लेखक चकित झाले. सिंग यांच्याबाबतीत पहिला निकाल लागलाच नव्हता. वेस्ट यांच्यामागे प्रसिद्धी होती म्हणून निदान वाद तरी झाला. कोणत्या अल्बमला दुसरी संधी मिळते हे त्याच्या गुणांइतकेच निर्मात्याच्या वजनावर अवलंबून असते, आणि त्याचे मला वाईट वाटते.

पुनर्मूल्यांकनाने काही जुने आक्षेप मात्र नाहक पुसून टाकले आहेत. यांतली बहुतेक गाणी एका स्त्रीला उद्देशून आहेत आणि त्यांत ती निष्ठुर, संशयी, छळणारी म्हणून येते. तिची बाजू कुठेच येत नाही. हळवेपणासोबत येणारा हा दोषारोप काही समीक्षकांना २००८ मध्येच स्वतःची कीव करण्यासारखा वाटला होता, आणि ते बरोबर होते. पुढच्या पिढीने या अल्बमकडून मोकळेपणाने रडणे घेतले, तसेच रडताना समोरच्या स्त्रीला जबाबदार धरणेही घेतले. जी समीक्षा पहिल्या गोष्टीचे श्रेय या अल्बमला देते, तिने दुसऱ्या गोष्टीचा हिशेबही त्याच्याच नावावर मांडायला हवा.

२०२२ मध्ये वेस्ट यांनी (त्यांनी तोवर कायदेशीररीत्या ‘ये’ हे नाव घेतले होते) ज्यूंविरुद्ध जाहीर द्वेषपूर्ण वक्तव्ये केली आणि आदिदाससारख्या कंपन्यांनी त्यांच्याशी संबंध तोडले. तेव्हापासून हा अल्बम ऐकणे अनेकांसाठी अवघड झाले आहे आणि ते मला पूर्णपणे समजते. त्या वक्तव्यांनी २००८ च्या गाण्यांतले स्वर बदलत नाहीत. पण त्यातल्या दुखावलेल्या माणसाला ऐकणारा जो विश्वास देत होता तो आता आपोआप दिला जात नाही, आणि समीक्षेने हा बदलही नोंदवायला हवा, कारण एखाद्या अल्बमचे स्वागत हे कधी एका तारखेला संपत नसते.

सर्वांत मोठी थकबाकी मात्र टी-पेन यांची आहे. डिसेंबर २००५ च्या ‘रॅपा टर्न्ट सँगा’ या पहिल्या अल्बमपासून त्यांनी ऑटो-ट्यूनमधून गाण्याची जी रीत घडवली, तीच घेऊन वेस्ट पुढे गेले. २००७ मध्ये दोघांनी ‘गुड लाइफ’ हे गाणेही एकत्र केले होते. पण पार्टीची, नाचाची गाणी गाणाऱ्या टी-पेन यांच्याकडे समीक्षकांनी गंमत म्हणून पाहिले आणि तेच साधन शोकासाठी वापरणाऱ्या, आधीच मान्यता मिळालेल्या कलावंताकडे प्रयोग म्हणून. ऑक्टोबर २०१४ मध्ये एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओच्या टायनी डेस्क मैफलीत टी-पेन कोणत्याही यंत्राशिवाय गायले आणि त्यांचा गळा मुळात इतका सुरेल आहे हे ऐकून लोक थक्क झाले. म्हणजे त्यांना आपला आवाज झाकण्याची गरज कधीच नव्हती. ते यंत्र त्यांनी वाद्य म्हणूनच निवडले होते, आणि ते वेस्ट यांच्या तीन वर्षे आधी. ‘एट-ओ-एट्स’बद्दल जितक्या बारकाईने लिहिले गेले तितक्या बारकाईने त्या २००५ च्या अल्बमचे परीक्षण झालेले मला अजून वाचायला मिळालेले नाही.